तपासणीच्या टेबलावर साहेब

सूड हा शब्द आमच्या घरात कोणी वापरत नाही. माझे वडील पिंपरीच्या एका कंपनीत मशीनवर होते. निवृत्त होईपर्यंत त्यांनी कोणाशी आवाज चढवून भांडण केलं नाही. आईचं म्हणणं असतं की वाईट माणसाला त्याचा वाईटपणाच पुरेसा आहे. मला तो कधीच पुरेसा वाटला नाही. ज्याच्याबद्दल हे लिहिते आहे त्याला मी अजून माफ केलेलं नाही, हे आधीच सांगून टाकते.

काळेवाडीत आमच्या दोन खोल्या होत्या. खाली वेल्डिंगचं दुकान, शेजारी दिवसभर चालणारा टीव्ही. अभ्यासाला मी विहारातल्या अभ्यासिकेत जायची. तिथेही शांतता होती असं नाही, पण एकदा पुस्तक उघडलं की मला काही ऐकू यायचं नाही. आई जेवायला बोलवायला यायची आणि खांद्याला हात लावल्याशिवाय माझी मान वर व्हायची नाही. इंजिनिअरिंगला माझ्यापेक्षा हुशार मुलं होती, फाडफाड इंग्रजी बोलणारी होती, घरचा कारखाना असलेली होती. माझ्याकडे एवढंच होतं की मी बसले म्हणजे बसले. लक्ष लागणं ही माझी एकमेव मिळकत होती आणि तिच्यावरच मला चाकणला नोकरी लागली.

आमची कंपनी गाड्यांच्या ब्रेकमध्ये बसणारा ॲल्युमिनियमचा एक भाग बनवायची. तळहातावर मावेल एवढा. तो ओतताना कधी आत हवा अडकून बारीक भोक राहतं, कधी कडेला केसाएवढी चीर जाते. असा भाग गाडीत बसला तर ब्रेक कधीतरी दगा देणार. तो गाडीपर्यंत जाऊ द्यायचा नाही, आणि तो का बनतो ते शोधायचं, हे माझं काम. हातात सदोष भाग, समोर ड्रॉइंग, आणि हळूहळू कारण उलगडत जाणं. कोणाला कंटाळवाणं वाटेल, मला त्यात सुख होतं.

शॉपच्या टोकाला तपासणीचं लांब टेबल होतं. पांढऱ्या दिव्याखाली बायका एकेक भाग फिरवून बघत. त्यांच्यात सगळ्यांत जुन्या होत्या त्या ताई महाळुंग्याच्या. त्यांच्या हातातून काही सुटलं असं मी पाहिलं नव्हतं. चहाच्या सुट्टीत त्या मला हाताने बोलावून शेजारी बसवायच्या आणि डबा पुढे करायच्या.

मग नवे प्लांट हेड आले. मी त्यांना साहेबच म्हणेन. कडक इस्त्रीचा शर्ट, हातात कायम फोन. आल्या आल्या ते मेंदू आणि कामाचा वेग या विषयावरचं कुठलंसं शिबिर करून आले आणि पुढच्या सकाळच्या मीटिंगमध्ये आम्हाला मेंदू शिकवायला लागले.

"मेंदू आळशी असतो," ते म्हणाले. "मोकळा सोडला की भटकतो. त्याला सतत छोटी टोचणी द्यायची आणि छोटं बक्षीस द्यायचं. डोपामिन. हे सायन्स आहे, माझं मत नाही."

त्या सायन्सला त्यांनी फोकस मिशन नाव दिलं. सगळ्यांचा एक व्हॉट्सॲप ग्रुप केला. ठरावीक वेळाने ज्याने त्याने हातातल्या कामाचा फोटो टाकायचा. ज्याचा फोटो उशिरा, त्याचं नाव ग्रुपवर आणि कँटीनमधल्या स्क्रीनवर लाल. ज्याचा वेळेवर, त्याचं हिरवं. एखादी लाइन मागे पडली की हूटर, पुढे गेली की टाळ्यांची धून. तपासणीच्या टेबलालाही तोच नियम, म्हणजे हातातला भाग खाली ठेवायचा, फोटो काढायचा, पाठवायचा, पुन्हा भाग उचलायचा.

पहिले काही दिवस मला मजाच वाटली. नाव हिरवं झालं की बरं वाटायचं, खोटं कशाला बोलू. मग हळूहळू काहीतरी सुटायला लागलं. ड्रॉइंगमध्ये एक माप बघायचं, मशीनपर्यंत जायचं, मध्येच खिशात फोन थरथरायचा, फोटो पाठवायचा, आणि मशीनपाशी पोचल्यावर ते माप डोक्यातून गेलेलं असायचं. परत ड्रॉइंगपाशी. परत फोन. दिवसभर मी पळत होते आणि संध्याकाळी केलं काय ते आठवत नव्हतं. घरी भाजीत मीठ दोनदा पडायचं किंवा पडायचंच नाही. नवरा काही सांगत असताना मध्येच त्याचे फक्त ओठ हलताना दिसायचे. सुट्टीच्या दिवशी फोन बंद ठेवला तरी मांडीवर तो थरथरल्याचा भास व्हायचा.

मी साहेबांच्या केबिनमध्ये गेले. म्हटलं, "सर, किमान तपासणीचं टेबल आणि माझं टेबल या ग्रुपमधून काढा. मध्येमध्ये थांबवलं की चुका होतात."

त्यांनी फोनमधून डोकं वर न काढता विचारलं, "तू इथे विचार करायला येतेस की काम करायला?"

"माझं कामच विचार करायचं आहे, सर."

"मग पटापट विचार कर," ते म्हणाले.

सगळ्यांत वाईट दिवस मला नीट आठवतो, कारण त्या दिवशी मला वाईट वाटलं नाही. हातात चीर गेलेला एक भाग होता. मी त्याच्याकडे बघितलं आणि मनात आलं, असू दे. कोणाला काय फरक पडतोय. तो भाग मी बाजूला टाकला, पण आतून काही हललं नाही. आधी दमणूक आली, मग चिडचिड, आणि मग हे. आतून थंड होणं. मला तेव्हा माहीत नव्हतं की याला नाव आहे.

त्याच आठवड्यात पहिली शिफ्ट संपवून मी स्कूटरवर घरी निघाले. लग्नानंतरचं आमचं घर चिखलीत. मोशीला वळायचं, हे मी डोळे मिटून करू शकले असते. मी वळले नाही. सरळ जात राहिले आणि भोसरीच्या उड्डाणपुलाखाली सिग्नलला थांबले. सिग्नल हिरवा झाला. मागून हॉर्न वाजायला लागले. मला कळेना की पुढे जायचं की डावीकडे की कुठे. घर कुठल्या दिशेला आहे हेच सापडेना. म्हणजे विसरले असंही नाही, डोक्यात जिथे ते असायचं तिथे हात घातला आणि जागा रिकामी लागली. दुपारच्या लख्ख उन्हात, ओळखीच्या चौकात.

शेअर रिक्षावाल्या एका भाऊंनी उतरून माझी स्कूटर कडेला घेतली. "वहिनी, पाणी प्या. कोणाला फोन लावू?" त्यांनीच माझ्या फोनवरून नवऱ्याला फोन केला. तो भोसरीतच एका कारखान्यात मेंटेनन्सला आहे, लगेच आला. मी फुटपाथवर बसले होते. त्याने आधी माझा फोन भाऊंच्या हातातून घेतला आणि बंद केला. शिफ्ट संपली होती, तरी शेवटच्या फोटोसाठी ग्रुपवर माझं नाव लाल झालेलं होतं.

चिंचवडच्या एका मानसोपचारतज्ज्ञ बाईंकडे तो मला घेऊन गेला. वयस्कर, हळू बोलणाऱ्या. त्यांनी रक्त तपासलं, झोपेचं विचारलं, कामाचं विचारलं आणि पूर्ण ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "कपाळाच्या मागे मेंदूचा जो भाग आहे ना, तिथे समजा एक लहानशी पाटी आहे. आत्ता जे करतेस ते तिथे लिहिलेलं असतं. पाटी लहान आहे, सगळ्यांचीच लहान असते. कोणी मध्येच दुसरं काम दिलं की आधीचं अर्धवट पुसायचं, नवं लिहायचं. परत आलीस की पुन्हा पहिल्यापासून. आणि आधीचा खडू पूर्ण पुसलाही जात नाही, त्याची धूळ नव्या अक्षरांवर राहते. दिवसभर हेच केलं तर पाटीचा दोष नाही."

"आणि हूटर?" मी विचारलं.

"हूटर वाजला की शरीराला वाटतं संकट आलं. ते तुला पळायला तयार करतं. अधूनमधून ठीक आहे. पण रोज, सारखं तेच झालं, तर शरीर ती तयारी उतरवतच नाही. झोपेतसुद्धा नाही. अशा वेळी तो कपाळामागचा भाग सगळ्यात आधी माघार घेतो. तू वेडी झालेली नाहीस. याला बर्नआउट म्हणतात, तू आतून जळून गेली आहेस आणि तुला विश्रांती हवी आहे."

त्या वाक्याने मला रडू आलं. त्यांनी विश्रांतीचा दाखला लिहून दिला. मी सुट्टी घेतली, आणि थोडं बरं वाटल्यावर तो दाखला घेऊन कामावर परत गेले. त्यात सौम्य शब्दांत लिहिलं होतं की कामात वारंवार येणारे व्यत्यय काही काळ कमी ठेवावेत.

साहेबांनी तो कागद सकाळच्या मीटिंगमध्ये उघडला. सगळे उभे होते, शिफ्टचे सुपरवायझर, मेंटेनन्सची मुलं, टेबलावरच्या बायका. त्यांनी तो मोठ्याने वाचला, नाटकातल्यासारखा थांबत थांबत. मग घडी घालत म्हणाले, "मॅडमचा मेंदू दमलाय म्हणे. अरे, दमायला आधी तो असावा लागतो."

लोक हसले. काही मनापासून, काही साहेबांकडे बघून. महाळुंग्याच्या ताई तेवढ्या हसल्या नाहीत, त्यांनी मान खाली घातली. मी अभ्यासिकेतल्या बाकावरून तिथपर्यंत आले होते आणि तो माणूस मला सांगत होता की माझ्याकडे मेंदूच नाही. ते फक्त माझ्याबद्दल म्हणाले की माझ्या घराबद्दल, वस्तीबद्दल, याचा मी पुढे पुष्कळ विचार केला. त्यांना स्वतःलाही माहीत नसेल. मला मात्र दोन्ही लागलं.

मी त्याच आठवड्यात राजीनामा दिला. केबिनमधून निघताना त्यांनी मला शुभेच्छा दिल्या. "बुटीक वगैरे काढ," ते म्हणाले. "स्ट्रेस कमी असतो."

चिखलीच्या घरात मी पुष्कळ दिवस पडून होते. खालच्या वर्कशॉपमधून ग्राइंडरचा आवाज यायचा आणि मी छताकडे बघत त्या माणसाचं काय काय करता येईल याचा विचार करायची. त्याच्या गाडीचे टायर. त्याच्या घरी निनावी पत्र. भर मीटिंगमध्ये कानशिलात. एकेक प्रसंग मी पूर्ण रंगवायची, त्यातले संवाद सुधारायची. डॉक्टर बाईंना हे सांगितलं तेव्हा त्या म्हणाल्या, "राग म्हणजेसुद्धा हूटरच आहे. तो वाजत ठेवलास तर बरं व्हायला वेळ लागेल."

"पण बाई, तेवढ्याच एका गोष्टीवर माझं लक्ष टिकतं."

त्यांनी पेन खाली ठेवलं. मग म्हणाल्या, "ठीक आहे. मग त्या रागालाच कामाला लाव."

त्यांनी ते कुठल्या अर्थाने म्हटलं ते मला माहीत आहे. मी माझ्या अर्थाने घेतलं. फोन आतल्या खोलीत तांदळाच्या डब्यावर ठेवायचा आणि बाहेर एकच काम करायचं, असं मी सुरू केलं. आधी मटार सोलले, फक्त मटार. मग वर्तमानपत्रातली एक बातमी शेवटपर्यंत. मग मेंदूवरची पुस्तकं आणली. पहिल्यांदा अर्ध्या पानावर डोळे भरून यायचे, अक्षरं पळायची. मी थांबायची, गॅलरीत चालायची, परत बसायची. दुपारी झोपायची, लाज न बाळगता. साहेबांनी शिबिरातून उचललेलं डोपामिन मी मुळातून वाचलं आणि कळलं की त्यांनी अर्धंच ऐकलं होतं. बक्षिसाची चटक लागते, पण ती चटक म्हणजे लक्ष नव्हे. चटक लागलेला मेंदू फोनची वाट बघतो, हातातल्या भागाकडे बघत नाही. हे समजलं त्या दुपारी मला इतका आनंद झाला की मी एकटीच हसले. आता माझ्याकडे दगड नव्हता, हत्यार होतं.

बरी झाल्यावर मी चाकणमध्येच एका मोठ्या कंपनीत लागले. ही कंपनी गाड्या बनवते आणि आजूबाजूच्या कारखान्यांकडून भाग विकत घेते. त्या कारखान्यांत जाऊन काम नीट होतंय का ते तपासणं हे माझं नवं काम. माझ्या जुन्या कंपनीचा भागही आमच्याकडे यायचा, हे मला अर्ज करताना माहीत होतं. मी गप्प राहिले आणि वाट बघितली.

फार वाट बघावी लागली नाही. आमच्या लाइनवर चीर गेलेले भाग सापडायला लागले. एकदा, परत एकदा. कारखान्याची तपासणी करायचं ठरलं. मी माझ्या वरिष्ठांकडे गेले आणि सरळ सांगितलं, "सर, मी तिथे होते. त्या माणसाशी माझं वाकडं आहे. तरी मला पाठवा."

त्यांनी चष्मा काढून माझ्याकडे बघितलं. "रिपोर्टमध्ये वाकडं येणार नाही ना?"

"रिपोर्टमध्ये फक्त खरं येईल."

"मग जा. तिथे काय बघायचं ते तुम्हाला चांगलं माहीत आहे."

नवऱ्याला घरी सांगितलं तेव्हा तो म्हणाला, "अगं, जाऊ दे ना. तू त्याच्यापेक्षा पुढे गेलीस, अजून काय पाहिजे?" मी म्हटलं, "त्याला ते कळलेलं नाही."

त्या सकाळी मी चांगली झोप काढून, पोटभर खाऊन गेले. गेटवर साहेब स्वतः उभे होते, शेजारी कंपनीचे मालक. मला बघून साहेबांचा चेहरा एक क्षण रिकामा झाला. मग ते हसले. "अरे वा, मॅडम. आपण? किती बरं वाटलं." मला ते कायम तू म्हणायचे. आपण हा शब्द त्यांच्या तोंडातून येताना मी जिभेवर गूळ ठेवावा तसा चघळला.

कॉन्फरन्स रूममध्ये त्यांनी फोकस मिशनच्या स्लाइड दाखवल्या. मेंदूचं रंगीत चित्र, वर चढणारे बाण. मी मध्ये एकही प्रश्न विचारला नाही. संपल्यावर म्हटलं, "तपासणीचं टेबल बघू या."

टेबल तसंच होतं. ताईंनी मला ओळखलं, पण ओळख दाखवली नाही, शहाणी बाई. माझ्याबरोबर मी एक ट्रे आणला होता. अशी चाचणी आमच्या धंद्यात नेहमीची आहे. चांगले आणि सदोष भाग मिसळायचे, प्रत्येकाच्या तळाशी फक्त आपल्याला कळेल अशी खूण करायची आणि तपासणाऱ्याला वेगळे करायला सांगायचं. मी म्हटलं, "रोज जसं चालतं तसंच चालू द्या. काही बंद करू नका."

ताई बसल्या. त्यांनी भाग उचलला, फिरवला. फोन वाजला. भाग खाली, फोटो, परत भाग. लाइन मागे पडली, हूटर झाला. ताईंचे खांदे वर गेले ते मी बघितलं. पुन्हा फोन. शेवटी ताईंनी चांगले म्हणून वेगळे ठेवलेले भाग मी उलटे केले, तेव्हा त्यात दोन सदोष निघाले. ज्या बाईच्या हातातून मी कधी काही सुटलेलं बघितलं नव्हतं, तिच्या हातातून.

साहेबांनी मालकांकडे बघून मान हलवली. "बघा सर, मी म्हणतो ते हेच. सिस्टीम चांगली आहे, माणसं नाहीत. हिचं लक्षच नसतं. वय झालं."

ताईंचा चेहरा लाल झाला. मला माझी ती मीटिंग आठवली. पण आवाज अगदी गोड निघाला. "सर, मग याच टेबलावर, याच सिस्टीममध्ये, लक्ष देऊन काम होतं हे कोणी दाखवू शकेल का? रिपोर्टला बरं पडेल."

त्यांच्या हाताखालचे इंजिनिअर बुटांकडे बघायला लागले. कोणी पुढे येईना. साहेबांनी शर्टाच्या बाह्या दुमडल्या. "मी दाखवतो."

मालक म्हणाले, "हो, करा ना."

मी भाग पुन्हा मिसळून ट्रे त्यांच्यासमोर ठेवला, खुर्ची मागे ओढून दिली. ते बसले. हे मी छताकडे बघत शंभर तऱ्हांनी रंगवलं होतं, पण असं कधी सुचलं नव्हतं, की तो माणूस स्वतःच्या पायाने येऊन बसेल.

पहिले काही भाग त्यांनी झोकात टाकले. मग ग्रुप वाजला. नियम त्यांचाच, प्रत्येक फोटोला हेडने उत्तर द्यायचं. त्यांनी दिलं. परत भाग उचलला, आणि मी बघितलं की तो त्यांनी आधीच बघितलेला होता. पुन्हा फोन. कोणाचंतरी नाव लाल झालं, त्याचं स्पष्टीकरण आलं. हूटर वाजला आणि त्यांनी दचकून मागे बघितलं. कपाळावर घाम आला. ते घाई करायला लागले. मागे मालक हाताची घडी घालून उभे होते.

झाल्यावर मी चांगल्या बाजूचे भाग सावकाश उलटे करत गेले. एक सदोष. दुसरा. आणखी. ताईंपेक्षा कितीतरी जास्त. एकाला तर डोळ्याला सहज दिसेल असं भोक होतं. तो मी उचलून मालकांच्या हातात दिला. त्यांनी तो दिव्याखाली धरला, बराच वेळ. म्हणाले, "हा ब्रेकमध्ये बसला असता."

मी कितीतरी महिने एक वाक्य तयार ठेवलं होतं, पण त्या वेळी ते बोलावंसं वाटलं नाही. त्याऐवजी मी हात पुढे केला. "सर, परत करून बघू. या वेळी फोन माझ्याकडे द्या. आणि हूटर बंद करायला सांगा."

त्यांना फोन द्यायचा नव्हता. त्यांनी मालकांकडे बघितलं. मालक अजून हातातल्या त्या भोकाच्या भागाकडे बघत होते. मग साहेबांनी फोन माझ्या हातावर ठेवला, आणि मी तो ताईंकडे दिला. ताईंनी तो पदराखाली झाकून धरला, अंडं धरावं तसा.

शॉपमध्ये फक्त मशीनचा आवाज राहिला. साहेब भाग बघू लागले, सावकाश, फिरवून. आणि एक कबूल करते. मला ते पुन्हा चुकायला हवे होते. पण ते फारसे चुकले नाहीत. जवळजवळ सगळे भाग बरोबर वेगळे झाले. माझ्या पुस्तकांत लिहिलं होतं तसंच झालं, आणि मला ते अजिबात आवडलं नाही. त्यांचाही मेंदू चांगलाच होता. त्यांनी आम्हा सगळ्यांचा बिघडवला होता, तसा स्वतःचाही. मालकांनी विचारलं, "म्हणजे दोष सिस्टीमचा?" मी म्हटलं, "सिस्टीम ज्यांनी आणली त्यांना विचारा."

नंतर ताईंनी चाचणी दिली, त्याच शांततेत. एकही चुकला नाही.

निघताना त्या मला पार्किंगपाशी गाठून म्हणाल्या, "त्यांचं त्वांड बघितलं का तुमी? आज जेवान ग्वाड लागल बघा." मी त्यांचा हात धरला. मलाही त्या दिवशी जेवण गोड लागलं.

रिपोर्ट मी तीन वेळा लिहिला, प्रत्येक वेळी माझं विष काढून टाकत. उरलं तेवढंही साहेबांना भारी पडलं. तपासणाऱ्यांचा दोष नाही, कामात सतत व्यत्यय आणणारी पद्धत हे कारण आहे, आणि ती बंद केल्याशिवाय माल घेऊ नये, असं मी लिहिलं. हूटर निघाला, ग्रुप बंद झाला, आमच्याकडे चांगला माल यायला लागला. साहेबांना मालकांनी नोकरीवरून कमी केलं. जाण्याआधी त्यांनी मला फोन केला.

"एक विचारू का, मॅडम? हे वैयक्तिक होतं का?"

"हो," मी म्हटलं. "आणि खरंही होतं."

त्यांनी फोन ठेवला.

इथे संपलं असतं तर मी हे लिहिलं नसतं. यंदा आमच्या कंपनीच्या एचआरने एक व्याख्यान ठेवलं, कामाचा ताण आणि मेंदू या विषयावर. व्याख्याते म्हणून साहेब आले. नोकरी गेल्यावर त्यांनी हाच धंदा काढला होता. आता ते हळू बोलत होते, मध्येमध्ये डोळे मिटत होते. श्वासाबद्दल बोलले, झोपेबद्दल बोलले, आणि मग म्हणाले, "एका कारखान्यात मी प्लांट हेड असताना मला शंका आली, म्हणून मी तपासणीच्या टेबलावर एक प्रयोग केला. फोन बाजूला ठेवायला लावले, हूटर बंद केला आणि चुका थांबल्या." लोक माना हलवत होते. कोणीतरी लिहून घेत होतं.

मी तिसऱ्या रांगेत होते. त्यांनी मला बघितलं नव्हतं. प्रश्न विचारा म्हटल्यावर मी उभी राहिले.

"सर, त्या प्रयोगात सगळ्यात जास्त चुका कोणाच्या झाल्या?"

त्यांनी मला ओळखलं. पाण्याचा ग्लास उचलला, प्यायले नाहीत, ठेवला. "आता ते नेमकं..."

"मला आठवतंय. सांगू का?"

ते म्हणाले, "माझ्या."

"आणि प्रयोग कोणी लावला होता?"

त्यांनी माईक एका हातातून दुसऱ्या हातात घेतला. "आपण, मॅडम."

"थँक यू, सर," मी म्हटलं आणि बसले. पुढचं व्याख्यान त्यांनी घाईत आटोपलं.

चहाच्या वेळी एचआरच्या मॅडम जवळ येऊन हळूच म्हणाल्या, "पाहुण्यांना असं विचारतात का?" मी म्हटलं, "पाहुणे तुमचे होते."

घरी मी पोळ्या लाटत होते तेव्हा नवऱ्याला सगळं सांगितलं. तो ओट्याला टेकून ऐकत होता. हसलाही. मग त्याने विचारलं, "आता तरी झालं का तुझं?"

मी पोळी तव्यावर टाकली. "बघू," म्हटलं.